किशोरवयीन रुग्णांशी संवाद : डॉक्टरांचे प्रशिक्षण

किशोरवयीन रुग्णाशी कसे बोलावे, आणि मुख्य म्हणजे त्याला बोलते कसे करावे, याचे वैद्यकीय शिक्षणातील प्रशिक्षण. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षे हे किशोरवय मानते. या वयाची मुलेमुली ओपीडीत बहुधा आईबरोबर येतात आणि तक्रारही आईच सांगते. आईला न दुखावता तिला थोडा वेळ बाहेर बसायला सांगणे, हा म्हणून पहिला आणि सर्वांत अवघड धडा. ‘या वयाच्या सगळ्याच मुलांशी मी थोडं एकट्यानं बोलतो’ असे म्हटले, की त्यात संशयाला जागा उरत नाही.

पुढचा धडा गोपनीयतेचा. ‘कुणालाच सांगणार नाही’ असे वचन डॉक्टरने देऊ नये. जिवाला धोका असेल तर घरच्यांना सांगावे लागते. १८ वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास पॉक्सो कायद्यानुसार (२०१२) पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ही मर्यादा बोलणे सुरू होण्याआधीच सांगायची असते. वचन देऊन मोडले, तर त्या मुलाचा विश्वास परत मिळवणे फार कठीण.

प्रश्नांसाठी ‘हेड्स’ ही पद्धत रूढ आहे. घर आणि शाळेपासून सुरुवात करून विरंगुळा, व्यसन, लैंगिकता, आत्महत्येचे विचार अशा नाजूक विषयांकडे हळूहळू जायचे. याचा सराव, रुग्णाची भूमिका करणाऱ्या व्यक्तींबरोबर होतो. अमेरिकी डॉक्टर हॉवर्ड बॅरोज यांनी १९६० च्या दशकात ही रीत सुरू केली. भारतात २०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात वृत्ती, नीती व संवाद यांचा ‘एटकॉम’ हा भाग आला. सरकारी रुग्णालयांतील किशोरवयीनांच्या ‘मैत्री’ क्लिनिकना २०१४ च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाचा आधार आहे.

नागपुरात मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत विदर्भासह मध्य प्रदेश, छत्तीसगडमधूनही रुग्ण येतात. वऱ्हाडी किंवा हिंदी बोलणाऱ्या पोराला पुस्तकी मराठीत विचारले, तर ते नुसती मान डोलावते. विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण मोठे. त्यासाठी हायड्रॉक्सीयुरिया या औषधाची गोळी रोज घ्यावी लागणारी कितीतरी मुले इथे आहेत. ‘गोळी का घेत नाहीस?’ म्हटले की मूल खोटे बोलते. ‘आठवड्यात किती वेळा राहून जाते?’ असे विचारले, तर खरा आकडा कळण्याची शक्यता वाढते. मग कधी हॉस्टेलमध्ये गोळी लपवावी लागते हे कळते, तर कधी एखादी मुलगी पुढे लग्न जुळेल का, ही धास्ती बोलून दाखवते.