टीव्ही ट्यूनर सर्किट : रचना आणि सुधारणा

अँटेनाकडून आलेल्या अनेक वाहिन्यांतून हवी ती निवडून तिला ठरावीक मध्यम वारंवारतेवर (आयएफ) आणणारा टीव्ही संचाचा पहिला भाग म्हणजे ट्यूनर. आरएफ अ‍ॅम्प्लिफायर, मिक्सर आणि लोकल ऑसिलेटर हे त्याचे तीन टप्पे: पहिला सिग्नल वाढवतो, दुसरा त्यात तिसऱ्याने तयार केलेली वारंवारता मिसळून आयएफ काढतो. भारतातल्या पाल-बी या जुन्या रंगीत प्रक्षेपण पद्धतीत (दूरदर्शनचे तसे प्रक्षेपण 2022 पर्यंत बहुतेक बंद झाले) चित्राची आयएफ 38.9 आणि आवाजाची 33.4 मेगाहर्ट्झ असे. चॅनेल 5 चे चित्र 175.25 मेगाहर्ट्झवर येई, म्हणून ऑसिलेटर दोन्हींच्या बेरजेवर, 214.15 वर ठेवत.

पडद्यावर मुंग्या दिसतात त्या बहुतेक पहिल्याच टप्प्यामुळे. मिक्सरचा नॉइज फिगर (तो स्वतः किती गोंगाट भरतो याचे माप) 10 डेसिबल धरू. त्याच्या आधी 3 डेसिबल नॉइजचा आणि 20 डेसिबल गेनचा (वाढवण्याच्या क्षमतेचा) ड्युअल-गेट मॉसफेट हा ट्रान्झिस्टर बसवला, तर एकूण आकडा सुमारे 3.2 वर येतो. गेन 6 च असेल तर तो 6.3 वर जातो. इनपुट फिल्टरमध्ये वाया गेलेला प्रत्येक डेसिबल मात्र सरळ या बेरजेत पडतो. नागपूरबाहेर उमरेड किंवा काटोलकडच्या कमजोर सिग्नलसाठी म्हणूनच आधी इनपुटची कॉइल सुधारावी, बूस्टरचा विचार नंतर.

नागपुरात खरी परीक्षा ऑसिलेटरची होते. नवतपात, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, बाहेर 45 अंश असले की कॅबिनेटच्या आत सहज 60 होतात. ट्यूनिंग सर्किटची एकूण कपॅसिटी 15 पिकोफॅरड असून ती अंशामागे दशलक्षात 100 भाग वाढते असे समजू. वारंवारता त्याच्या निम्म्याने, म्हणजे 50 भागांनी घसरते; 214 मेगाहर्ट्झवर हे अंशाला साधारण 10.7 किलोहर्ट्झ झाले. सकाळी 25 अंशांना लावलेला संच 60 अंशांवर सुमारे 375 किलोहर्ट्झ खाली सरकतो. मग आधी रंग फिके पडतात आणि आवाज खरखरतो. उलट वर सरकला, तर बोलण्याच्या तालावर आडवे पट्टे हलतात.

उपाय स्वस्त आहे: 15 पैकी 2 पिकोफॅरडचा एनपी0 (तापमानाने न बदलणारा) कपॅसिटर काढून त्या जागी तेवढाच एन750 (जांभळा ठिपका; अंशामागे दशलक्षात 750 भाग घटणारा) लावायचा. 750 चे 2/15 म्हणजे उणे 100. वाढ तिथेच खोडली जाते. मोठा एन750 लावला तर संच उलट दिशेला सरकतो. कॉइलचे वेढे पक्के करायला साधे पॅराफिन मेण वापरू नये, या तापमानाला ते मऊ पडून वेढे हलतात.

व्हॅरिकॅप (व्होल्टेजनुसार कपॅसिटी बदलणारा डायोड) वापरणाऱ्या ट्यूनरमध्ये व्होल्टेजही तितकेच स्थिर हवे. टीएए550 हा व्होल्टेज स्थिर ठेवणारा आयसी सुमारे 33 व्होल्ट देतो. 110 व्होल्टच्या लाइनवरून 5 मिलिअँपिअरसाठी 15 किलोओहमचा, 1 वॅटचा रेझिस्टर पुरतो. पाव वॅटचा जळतो, कारण त्यात 0.4 वॅट उष्णता होते. ट्यूनिंग व्होल्टला 3 मेगाहर्ट्झ असेल, तर 10 मिलिव्होल्ट हमही (वीजपुरवठ्यातली गुणगुण) वारंवारता 30 किलोहर्ट्झ डोलवतो. म्हणून ट्यूनरच्या पिनेपाशीच आरसी (रेझिस्टर-कपॅसिटर) फिल्टर द्यावा.

नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या टीव्ही मनोऱ्याजवळ अडचण उलटी होती: सिग्नल इतका जोरदार की मिक्सर दबे आणि एका वाहिनीवर दुसरीचे चित्र उमटे. तिथे एजीसी (गेन आपोआप कमी-जास्त करणारे सर्किट) चा प्रीसेट मुंग्या दिसेपर्यंत फिरवून किंचित मागे आणावा लागे.

पीएलएल ट्यूनर (ऑसिलेटरला क्रिस्टलशी जखडून ठेवणारा) 4 मेगाहर्ट्झ क्रिस्टलच्या आधाराने 62.5 किलोहर्ट्झच्या पायऱ्यांत चालतो, त्यामुळे ऑसिलेटरचे सरकणे संपते. आरएफच्या कॉइल मात्र तरीही तापून सरकतात, म्हणून त्यांचे ट्रॅकिंग (ऑसिलेटरशी जुळवणे) संच अर्धा तास तापल्यावरच लावावे.