हिरड्यांतले जंतू आणि चिथावलेली प्रतिकारशक्ती

पायोरियात दात हलू लागतात, कारण जंतू दातांभोवतीचं हाड खातात, अशी सर्रास समजूत आहे. खरं तर हाड झिजवतात त्या आपल्याच शरीरातल्या पेशी. जंतू त्यांना चिथावतात.

दातांवर साचणाऱ्या चिकट थरातले सूक्ष्म जीव पहिल्यांदा पाहिले डेल्फ्ट या डच शहरातल्या लेव्हेनहुक या सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्याने, १६८३ साली, तेही स्वतःच्या तोंडातले. हा गृहस्थ रोज मिठाने दात घासायचा! पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरने तोंडातल्या पुवाला शरीरभरच्या दुखण्यांचा दोषी ठरवलं. त्यातून सांधेदुखीवर दात उपटण्याची लाटच आली. पुरावा तोकडा होता. लाट ओसरली आणि तोंडाचा बाकी शरीराशी संबंध जोडणंही बरीच वर्षं मागे पडलं.

१९६५ मध्ये हॅराल्ड लो या दंतसंशोधकांनी १२ निरोगी लोकांचं दात घासणं बंद करवलं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, घासणं सुरू होताच बऱ्या झाल्या. म्हणजे थर हेच कारण, प्रश्न मिटला? नाही. याच लो यांनी श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरच्या ४८० कामगारांवर पंधरा वर्षं नजर ठेवली. त्यांना दातांचे उपचार मिळत नव्हते, दातांवर थर आणि टार्टर (कडक झालेला थर) सगळ्यांच्याच. तरी सुमारे ८ टक्क्यांचं हाड झपाट्याने गेलं आणि ११ टक्क्यांचं दुखणं हिरडीच्या सुजेपलीकडे गेलंच नाही. थर सारखाच, मग फरक कशाने? इथून संशोधकांचं लक्ष प्रतिकारशक्तीकडे वळलं. माझ्या मते या विषयातला सगळ्यात मोलाचा अभ्यास हाच.

उलगड्याचा मोठा धागा २०११ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात मिळाला. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस हा जंतू तोंडात नगण्य संख्येने सोडला, तरी बाकीच्या जंतूंची संख्या आणि घडण बदलली आणि हाड झिजलं. इतर जंतूच नसलेल्या उंदरांत मात्र तो एकटा काही करू शकला नाही.

त्याची चाल बेरकी आहे. त्याची विकरं (एन्झाइम) रक्तातल्या कॉम्प्लिमेंट या जंतूंविरुद्धच्या संरक्षक यंत्रणेचं सी५ हे प्रथिन कापून धोक्याची घंटा वाजवतात. पांढऱ्या पेशी धावून येतात, पण जंतू गिळण्याची त्यांची क्षमता तो आतून बोथट करतो. सूज चालू राहते. सुजेत फुटलेल्या पेशींची प्रथिनं जंतूंना आयती मिळतात आणि हाड झिजवणाऱ्या पेशींना कामाचा इशारा जातो.

हिरड्यांच्या या दुखण्याचा आमवाताशी (सांध्यांच्या सुजेच्या आजाराशी) संबंध याच जंतूच्या आणखी एका विकरामुळे चर्चेत आला. ते प्रथिनांची रचना बदलतं आणि आमवाताच्या अनेक रुग्णांत अशाच बदललेल्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं सापडतात. धागा जुळतो, पण कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. अल्झायमरबाबत तर जास्तच सबुरी हवी. २०१९ मध्ये रुग्णांच्या मेंदूत या जंतूच्या खुणा सापडल्याच्या बातम्या गाजल्या. पण त्याची विकरं रोखणाऱ्या औषधाची अल्झायमरच्या रुग्णांवरची मोठी चाचणी २०२१ मध्ये मुख्य निकषांवर अपयशी ठरली.