मेडिकलवाला आपला डॉक्टर कसा झाला

खान्देशात ताप-खोकला झाला की माणूस आधी मेडिकलवर जातो, दवाखान्याचं नंतर बघू. "भाऊ, डोकं दुखी ऱ्हायनं, दोन गोया द्या ना" एवढं सांगितलं की पलीकडचा भाऊ कात्रीने गोळ्यांची पट्टी कापतो, गोळ्या कागदी पाकिटात टाकतो, कधी कधी वर पेनाने सकाळ-संध्याकाळच्या रेघा मारून देतो, पाच मिनिटात काम. शहरातली मंडळी याला अडाणीपणा म्हणतात, मला काही ते पटत नाही. ही सवय लोकांना लावलीय तीच मुळी सरकारने, डॉक्टरांनी आणि अर्धवट कायद्याने.

इंग्रजांच्या काळात हिवतापावरच्या क्विनाइनच्या पुड्या पोस्टात विकायचे, त्याला डॉक्टरची चिठ्ठी लागायची नाही. नंतर गावोगाव डॉक्टर आले पण औषध त्यांच्याच दवाखान्यात मिळायचं आणि ते बनवायचा कंपाउंडर. जुन्या लोकांना विचारा, लाल मिक्श्चरची बाटली, तिला डोसाच्या खुणा कापलेली कागदी पट्टी चिकटवलेली, आणि बाटली घरून न्यायची. डॉक्टर व्हिजिटला गेलेले असले की साध्या दुखण्याला कंपाउंडरच औषध देऊन मोकळा व्हायचा, आणि लोकांचा भरवसाही बसला होता त्याच्यावर.

कायदा आला तो वेगळ्याच कारणाने. बाजारात भेसळीची औषधं फार झाली म्हणून 1930 मध्ये औषधशास्त्रज्ञ रामनाथ चोप्रांची कमिटी नेमली, तिच्या अहवालावरून पुढे 1940 चा औषध कायदा, 1945 चे नियम आणि 1948 चा फार्मसी कायदा. या फार्मसी कायद्यात एक गंमत आहे, फार्मसिस्टच्या पहिल्या रजिस्टरमध्ये नाव घालताना डिग्रीवालेच पाहिजेत अशी अट नव्हती, पाच वर्षं दवाखान्यात औषध बनवायचं काम केलेल्या कंपाउंडरलाही नोंदणी मिळत होती. म्हणजे जो कंपाउंडर डॉक्टरच्या पडद्यामागे होता तो कायद्यानेच काउंटरवर येऊ शकला.

पण सगळा कायदा औषध शुद्ध आहे का आणि ते कोण विकतंय याभोवतीच फिरतो. 1945 च्या नियमांत शेड्यूल म्हणजे याद्या आहेत, त्यातल्या शेड्यूल एच मधली औषधं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत हे लिहिलंय, पण चिठ्ठीशिवाय काय देता येईल याची स्वतंत्र यादी त्या नियमांत नव्हती, जे कुठल्याच शेड्यूलमध्ये नाही ते आपोआप मोकळं. हजाराच्या आतल्या वस्तीच्या गावात तर पॅरासिटामॉल, बाम, ग्राइप वॉटर असल्या गोष्टी किराणावाल्यानेही विकायला लायसन्स लागत नाही अशी सूट शेड्यूल के या दुसऱ्या यादीत होती. सातपुड्यातले धडगाव-अक्कलकुव्याकडचे पाडे डोळ्यासमोर आणा म्हणजे ही सूट का ठेवली असेल ते कळतं.

या मोकळ्या जागेत सगळ्यात जास्त घोळ झाला तो मलमांचा. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत घामाने, पाण्याने मजुरांना गजकर्ण होतोच. मेडिकलवर मागितलं की खाज-सूज तेवढी दाबणारं स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध तिन्ही एकत्र असलेली ट्यूब हातात, दोन दिवसात खाज बंद आणि माणूस खूश, ट्यूब थांबली की महिन्याभरात गजकर्ण दुप्पट पसरलेला. स्टिरॉइड शेड्यूल एच मध्ये होतीच, पण अंगाला लावायच्या मलमांना त्यात सूट होती, ती 14 स्टिरॉइडपुरती काढली थेट 2018 मध्ये. तोपर्यंत मेडिकलवाला चिठ्ठी न बघता ट्यूब देत होता ते कायद्यात बसूनच!

अँटिबायोटिकचं थोडं आधी झालं. 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच-1 ही आणखी कडक यादी लागू झाली, त्यात 46 औषधं, टीबीची बरीचशी औषधं आणि वरच्या दर्जाची अँटिबायोटिक्स. ती विकली की पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिली ते रजिस्टरला लिहायचं आणि रजिस्टर तीन वर्षं जपायचं. त्याआधी 2012 च्या सुमारास राज्याच्या एफडीएने म्हणजे अन्न-औषध प्रशासनाने दुकानात फार्मसिस्ट हजर पाहिजे म्हणून जोर लावला होता, कारण लायसन्स एकाचं, भिंतीवर सर्टिफिकेट दुसऱ्याचं आणि गोळ्या देतोय बारावी झालेला पुतण्या हे चित्र काही कोणाला नवीन नव्हतं. दुकानदारांनी संप केले, बोंबाबोंब झाली, थोडे दिवस फरक पडला.

आता फार्मसिस्टची कमी म्हणावी तर तसंही नाही, शिरपूर, फैजपूरला फार्मसी कॉलेजं आहेत. डी.फार्मवाला म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा करणारा बारावीनंतर दोन वर्षं शिकतो आणि वर 500 तासांचं ट्रेनिंग करतो, त्याला औषधातलं खरंच कळतं. डॉक्टरकडे जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, फी वेगळी, गाडीभाडं वेगळं, आणि तिथे तासभर बसून मिळणार काय तर त्याच गोळ्या. सरकारी मेडिकल कॉलेज धुळ्याला आधीपासून होतं, जळगावला 2018 ला आणि नंदुरबारला 2020 ला सुरू झालं, पण सातपुड्यातल्या माणसाला नंदुरबार गाठायलाच निम्मा दिवस जातो, आणि मेडिकल असतं बाजाराच्या गावात, आठवड्याला जायचंच असतं तिथे.