खंदककलेतील विमान-प्रतिकृती आणि त्यांचा संग्रह

काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या, तोफगोळ्यांची पितळी कवचे, पडलेल्या विमानांचा पत्रा, कॉकपिटच्या काचेचे तुकडे अशा युद्धातल्या टाकाऊ साहित्यातून हाताने घडवलेली छोटी विमाने. या कारागिरीला एकूण खंदककला म्हणतात. पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) ती भरभराटीला आली. फुलदाण्या, राखदाण्या, पाकिटे फोडायच्या सुऱ्या, अंगठ्या हे तिचे नेहमीचे प्रकार. विमाने त्या मानाने थोडी. दुसऱ्या महायुद्धात मात्र ती बरीच झाली. प्रत्यक्ष खंदकात घडलेल्या वस्तू कमीच असतात. शत्रूच्या टप्प्यात बसून पितळ ठोकायचे म्हणजे स्वतःचा पत्ता सांगण्यासारखे होते. ही कामे आघाडीमागच्या तोफखान्याच्या दुरुस्तीशाळांत, विमानतळांवरच्या फिटर लोकांच्या बाकांवर, इस्पितळांत आणि युद्धकैद्यांच्या छावण्यांत होत. शिवाय युद्ध संपल्यावर उत्तर फ्रान्स आणि बेल्जियममध्ये घरी परतलेल्या नागरिकांनी रणभूमी पाहायला येणाऱ्यांसाठी अशा वस्तू विकायला केल्या. ब्रिस्टल विद्यापीठातील पुरातत्त्वज्ञ निकोलस सॉन्डर्स यांनी या कलेचा अभ्यास करताना सैनिकांच्या, नागरिकांच्या आणि व्यापारी अशा वस्तू वेगळ्या काढल्या. विमानांच्या बाबतीत ही विभागणी कागदावर सोपी आणि हातात वस्तू घेतल्यावर अवघड जाते.

साहित्य आणि घडण : बंदुकीचे काडतूस आडवे धरले की विमानाचे धड जवळजवळ तयारच असते, पुढे टोकदार गोळी, मागे पुंगळी. पहिल्या महायुद्धातल्या फ्रेंच विमानांत बहुधा ८ मि.मी. लेबेल काडतूस दिसते. पंखांसाठी तोफगोळ्याचे कवच लागे. फ्रेंचांच्या ७५ मि.मी. तोफेचे कवच ३५ सें.मी. लांब असते. त्याचे बूड करवतीने उतरवून, उभा छेद देऊन ते सपाट केले की साधारण २४ सें.मी. रुंदीचा चांगला जाड पत्रा मिळतो. एवढ्यात दोन-तीन विमानांचे पंख सहज निघतात. चाकांना लष्करी कोटाची बटणे किंवा नाणी, पंख्याला पत्र्याची पट्टी आणि मधोमध खिळा. फुंकर घातली की फिरावा एवढी काळजी बहुतेकांनी घेतलेली असते. सांधे कथील-शिशाच्या डाखाने जोडलेले असतात. सुबक विमानात डाख पंखाखाली लपवलेला असतो. घाईच्या कामात तो धडावर थेंबाथेंबाने ओघळून थिजलेला दिसतो.

रिकामी कवचे सरकारी मालमत्ता होती. ब्रिटिश सैन्यात ती गोळा करून पुन्हा भरण्यासाठी कारखान्यांकडे परत पाठवायची असत, त्यामुळे नियमाप्रमाणे यातली बरीच विमाने चोरीच्या मालाची ठरतात. अधिकारी काणाडोळा करत, आणि पुष्कळदा गिऱ्हाईकही तेच असत.

दुसऱ्या महायुद्धात साहित्य बदलले. विमानांचा सांगाडाच आता ड्युराल्युमिनचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या कणखर मिश्रधातूचा होता आणि कॉकपिटवर पर्स्पेक्स हे पारदर्शक ॲक्रिलिक आले होते. पर्स्पेक्स तापवले की मऊ पडते, हवे तसे वाकते, कानशीने घासता येते आणि बारीक पॉलिशने पुन्हा काचेसारखे चमकते. फुटलेल्या छताच्या तुकड्यातून हवाईदलाच्या मेकॅनिकांनी हृदयाच्या आकाराची पदके केली, तशाच ब्रिटिशांचे लढाऊ विमान स्पिटफायर आणि बॉम्बफेकी विमान लँकेस्टर यांच्या प्रतिकृतीही केल्या. दुरुस्तीशाळांत वाळूच्या साच्यात ओतलेली पितळी स्पिटफायर हा आणखी एक प्रकार. ती क्रोमचा मुलामा देऊन राखदाणीवर किंवा लाकडी ठोकळ्यावर बसवत. १९४० साली ब्रिटनमध्ये एका स्पिटफायरची किंमत ५,००० पौंड धरून लोकवर्गणी गोळा होऊ लागली, तेव्हा देणगीदारांना विमानाच्या आकाराचे धातूचे बिल्लेही मिळत. संग्राहक या बिल्ल्यांना खंदककलेत धरत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

या सगळ्यांत सर्वांत ओळखीचे रूप अमेरिकी पी-३८ लायटनिंगचे. या विमानाला दोन समांतर धडे होती आणि मधे वैमानिकाची छोटी कुपी. अर्ध्या इंची (१२.७ मि.मी.) मशीनगनची दोन काडतुसे शेजारीशेजारी ठेवली, मधे रायफलचे छोटे काडतूस बसवले, वरून पंखांची एकच पट्टी आणि मागे शेपटीची आडवी पट्टी डाखली की लायटनिंग उभे राहते. असे एखादे विमान उलटे धरून पाहावे. गोळ्यांचे तांबूस टोक पुढे, पुंगळ्यांचे पिवळे पितळ मागे, आणि शेपटीशी दोन गोल बुडे. त्यांच्या मधोमध स्फोटक टोपीवर सुईचा खळगा असतो, म्हणजे ते काडतूस खरोखर उडालेले आहे. पुढे बसवलेली गोळी अर्थातच दुसरीकडून आणलेली. खळगा नसेल तर संग्राहकाने हात आखडता घ्यावा. टोपी जिवंत असू शकते.

काळ ठरवणे : या छंदातले खरे वाचन पुंगळीच्या बुडावर होते. विकणारा आजोबांची कथा सांगतो, आणि ती बहुधा जुळवलेली असते. ठसा मात्र कारखान्यात उमटलेला असतो. अमेरिकी अर्ध्या इंची पुंगळीवर ‘एल सी’ म्हणजे लेक सिटी, ‘एस एल’ म्हणजे सेंट लुइस, ‘डी एम’ म्हणजे दे मॉइन, आणि सोबत वर्षाचे शेवटचे दोन आकडे. ब्रिटिश मालावर सरकारी मालकीचा रुंद बाण असतो. थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या पुंगळीवर ‘के’ आणि ‘एफ’ ही अक्षरे दिसली तर ते काडतूस पुण्याजवळच्या खडकीचे; इंग्रजी अमदानीतली ‘किर्की फॅक्टरी’, जिची स्थापना १८६९ सालची. भारतीय पलटणी जिथे जिथे लढल्या तिथे हे काडतूस पोचू शकत होते, म्हणून खडकीचा ठसा असलेले विमान पुण्यातच घडले असे समजण्याचे कारण नाही. आणखी एक सावधगिरी : ठशावरच्या वर्षावरून विमान त्याआधीचे नाही एवढेच कळते. १९१७ ची पुंगळी घेऊन १९३० साली पर्यटकांसाठी विमान करायला कोणाची आडकाठी नव्हती.

विमानाचा आकारही काही सांगतो. स्पिटफायरच्या पंख्याची पाती मोजावीत. सुरुवातीच्या विमानांना दोन, मग तीन, १९४२ मध्ये आलेल्या मार्क ९ या आवृत्तीला चार आणि पुढच्या मार्क १४ ला पाच पाती होती. चार पात्यांचे विमान ‘१९४० च्या बॅटल ऑफ ब्रिटनमधले’ म्हणून विकले जात असेल तर पुढे बोलायची गरज नाही. पंखांवरची वर्तुळे रंगवलेली असतील तर तीही पाहावीत : ब्रिटिश चिन्हात निळा बाहेर आणि लाल मधे, फ्रेंच चिन्हात उलटे. आग्नेय आशियाच्या आघाडीवर जपानी तांबड्या गोळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून ब्रिटिश आणि भारतीय विमानांवरचा लाल रंग काढून टाकला होता. फक्त दोन निळ्या छटांचे वर्तुळ असलेली प्रतिकृती म्हणून ब्रह्मदेशाच्या मोहिमेकडे बोट दाखवते. अर्थात पुष्कळ कारागिरांनी विमान आठवणीतून केले. पंख अवाढव्य, शेपूट चिमुकली, इंजिनाचा पत्ता नाही, असली विमाने जाणकार नाकारत नाहीत. अचूक मोजमापाचे, गुळगुळीत विमानच जास्त संशयास्पद.

मापात चोख असलेला एक वेगळा प्रकार बाजारात याच नावाखाली खपवला जातो. १९४२ च्या सुरुवातीला अमेरिकी नौदलाने तिथल्या शाळांकडून पाच लाख लाकडी विमाने मागवली. ५० प्रकार, प्रत्येकाच्या १०,००० प्रती, सर्व १:७२ या प्रमाणात. तोफचींना आकाशातले विमान आपले की शत्रूचे हे ओळखायला शिकवण्यासाठी. ही काळी रंगवलेली विमाने युद्धकालीन आणि हाताने केलेली आहेत, संग्राह्यही आहेत. पण युद्धाच्या भंगारातून ती केलेली नाहीत.

जतन : आपल्याकडच्या हवेत पितळेची विमाने सांभाळताना एक जुनी गोष्ट माहीत असावी. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या सैन्यात पावसाळ्यात काडतुसांच्या पुंगळ्यांना आपोआप भेगा पडत. घोड्यांच्या पागेत ठेवलेल्या काडतुसांत हे विशेष दिसे. मूत्रातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि पुंगळी ओढून घडवताना पितळेत राहिलेला ताण, या तिघांचा तो परिणाम होता. १९२१ साली त्याचा शास्त्रीय उलगडा प्रसिद्ध झाला. उपायही त्यातच होता. पितळ मंद तापवून घेतले की ताण निघून जातो. ज्या कारागिराने पत्रा लाल होईपर्यंत तापवून, मऊ करून मग ठोकला, त्याचे पंख आजही अखंड असतात. ज्याने थंड पत्रा नुसता दाबून वाकवला त्याच्या विमानाला वळणावर केसासारखी चीर आढळते. म्हणून अमोनिया असलेली पॉलिशे वर्ज्य. चिंच, लिंबू-मीठ किंवा देवाच्या भांड्यांना लावायची पावडर यांनी विमान लखलखते खरे, पण कोरलेली अक्षरे झिजतात आणि आंबटपणा डाखाच्या सांध्यात शिरतो. ‘व्हर्दां’, ‘इप्र’, ‘आरास’ अशी पहिल्या महायुद्धातल्या रणभूमींची नावे पंखांवर हलक्या हाताने टोचलेली असतात. चार दिवाळ्यांत ती पुसली जातील. मऊ कापडाने पुसावे, हिरवा कळंक लाकडी काडीने उचलावा आणि बाकीची काळसर झाक तशीच राहू द्यावी. पर्स्पेक्सला स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नये. त्यात बारीक चिरांचे जाळे उमटते आणि ते परत जात नाही.

संग्रह आणि कायदा : लंडनचे इम्पीरियल वॉर म्युझियम, कॅनबेराचे ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियल आणि इप्रचे इन फ्लँडर्स फील्ड्स म्युझियम यांच्याकडे खंदककलेचे मोठे संग्रह आहेत. खासगी बाजारात नाव, तुकडी आणि तारीख कोरलेल्या विमानाला साध्यापेक्षा बरीच जास्त किंमत येते, आणि त्यामुळेच नवी नावे जुन्या पितळेवर कोरली जातात. खाचेच्या आतला धातू बाहेरच्यापेक्षा उजळ दिसला तर कोरीवकाम नंतरचे. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात लाकडी पायावरची पितळी विमाने मिळतात ती बहुतांशी अलीकडची शोभेची असतात; बुडावर ठसा नाही, पत्रा पातळ आणि पंखे साच्यातले. साराजेव्होच्या बाश्चार्शिया पेठेत १९९२ ते १९९६ च्या वेढ्यानंतर तिथल्या तांबटांनी पुंगळ्यांपासून लेखण्या आणि विमाने करून विकायला सुरुवात केली. ती नवी असली तरी साहित्य अस्सल युद्धातले आहे, म्हणून त्यांना खोटे म्हणता येत नाही.

भारतात जिवंत काडतूस परवान्याशिवाय बाळगणे हा शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा आहे. विमानाच्या धडात दारू शिल्लक असेल तर ती वस्तू कलाकृती आहे हा बचाव पोलिसांपुढे टिकणार नाही. परदेशातून आणताना रिकाम्या पुंगळीचे विमानही हातातल्या बॅगेत घालू नये. क्ष-किरण तपासणीत पडद्यावर गोळीच दिसते. ब्रिटनमध्ये पडलेल्या लष्करी विमानांचे अवशेष परवानगीविना उकरायला १९८६ च्या कायद्याने बंदी आहे, तेव्हा ‘खास अवशेषांतल्या धातूपासून नव्याने बनवलेले’ अशी जाहिरात असेल तर तो धातू कुठून आणि कोणत्या परवान्याने आला हे पैसे देण्याआधी लेखी विचारून घ्यावे.