कुरवाळण्यालाही स्पीड असतो

'फेरोमोन परफ्यूम'च्या जाहिराती हल्ली इतक्या दिसतात की वाटावं प्रेमाचा सगळा प्रश्न बाटलीत सुटला. फेरोमोन, म्हणजे आपल्याच जातीच्या दुसऱ्या प्राण्याला इशारा द्यायला अंगातून सोडलेलं रसायन, ही चीज खरी आहे हां. 1959 साली जर्मन केमिस्ट ब्यूटेनांट यांनी रेशमाच्या पतंगाच्या माद्यांपासून बॉम्बिकॉल नावाचं फेरोमोन वेगळं काढलं, त्याला लाखो पतंग लागले, आणि त्याचा नुसता अंश लागला तरी नर पंख फडफडवत सुटतो. पण माणसाचं असं एकही फेरोमोन अजून पक्कं सिद्ध झालेलं नाही. तेव्हा परफ्यूम खुशाल लावा, पण "समोरची व्यक्ती वश" वगैरे म्हणजे वशीकरणाच्या ताईताला लॅबचा कोट चढवलाय, एवढंच.

त्यापेक्षा भारी भानगड आपल्या कातडीत आहे आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

स्पर्श कळवणाऱ्या नर्व्ह आपल्याला माहीत असतात त्या फास्टवाल्या, त्यांच्यावर मायलिनचं, म्हणजे चरबीसारख्या थराचं, वेष्टण असतं आणि सिग्नल सेकंदाला 50-60 मीटरने पळतो. पण केस असलेल्या त्वचेत, म्हणजे हात, पाठ, मान, अजून एक प्रकार असतो, सी-टॅक्टाइल फायबर. वेष्टण नाही, स्पीड सेकंदाला साधारण 1 मीटर. म्हणजे कोणी मनगटावरून बोट फिरवलं तर 'हात लागला' ही बातमी लगेच पोचते आणि 'छान वाटतंय' ही जवळजवळ एक सेकंद उशिरा!

हे कळलं कसं? 1960 च्या दशकात स्वीडनमध्ये हागबार्थ आणि वाल्बो यांनी स्वतःच्याच नर्व्हमध्ये टंगस्टनची बारीक सुई खुपसून एकेका फायबरचे सिग्नल टिपायची पद्धत काढली (हौसेला मोल नाही). पुढे त्याच पद्धतीने माणसात हे फायबर सापडले, आणि मग त्वचेवरून मऊ ब्रश वेगवेगळ्या स्पीडने फिरवून बघितला तर फास्टवाल्या नर्व्ह जितका स्पीड वाढेल तितक्या जास्त फायर होतात, म्हणजे सिग्नल सोडतात, पण सी-टॅक्टाइलचा ग्राफ उलट्या यू सारखा येतो, सेकंदाला 1 ते 10 सेंटीमीटर या पट्ट्यात सगळ्यात जास्त, त्याच्या खाली-वर मंद. आणि लोकांना "किती छान वाटलं" याचे मार्क द्यायला लावले तर तो ग्राफसुद्धा तसाच, डोंगरासारखा. टेंपरेचरचंही तेच. 18, 32 आणि 42 डिग्रीला तपासलं तर 32 ला, म्हणजे त्वचेच्या नेहमीच्या तापमानाला, फायरिंग सगळ्यात जास्त. गार हात लावल्यावर रोमान्स का पळतो ते बघा.

2002 मधली एक केस तर कमालच आहे. एका बाईंच्या फास्टवाल्या नर्व्ह आजारात गेल्या होत्या, नाकापासून खाली सगळ्या अंगाला त्यांना स्पर्श जाणवायचाच नाही. पण हातावरून ब्रश हळू फिरवला की अंधुकसं काहीतरी सुखद वाटायचं, कुठल्या दिशेने फिरवला ते मात्र सांगता यायचं नाही. मेंदूच्या स्कॅनमध्ये स्पर्शाचा नेहमीचा भाग शांत, आणि इन्सुला हा भावनांशी संबंधित भाग मात्र पेटलेला.

हा इन्सुला नुसतं बघूनही जागा होतो. दुसऱ्याच्या हातावरून कोणी हळू हात फिरवतंय असा व्हिडिओ दाखवला तरी त्याच संथ स्पीडला तो जास्त प्रतिसाद देतो. पडद्यावरचे रोमँटिक सीन स्लो का असतात याचं एक कारण इथे असू शकेल, हा माझा अंदाज, कोणी मोजलेलं नाही.

पण म्हणून कोणी रिमोटचं बटण सापडल्यासारखं वागायला जाऊ नये. 2012 च्या एका प्रयोगात पुरुषांना स्कॅनरमध्ये झोपवून पायावरून हात फिरवला, व्हिडिओत कधी बाई दाखवली कधी पुरुष, प्रत्यक्षात हात दर वेळी बाईचाच. तरी पुरुष हात लावतोय असं वाटलं की त्यांना ते नकोसं व्हायचं, आणि स्पर्शाची अगदी पहिली नोंद जिथे होते त्या मेंदूच्या भागातलाही प्रतिसाद बदलायचा. हात तोच, स्पीड तोच.