रंगीत लेन्स: तक्त्यावर 6/6, रस्त्यावर धूसर

रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स लावून तक्त्यावरची खालची ओळ बिनचूक वाचता येते, कागदावर 6/6, म्हणजे नजर चांगली, असं लिहिलं जातं. तरी रात्री गाडी चालवताना समोरच्या हेडलाइटभोवती वलयं दिसतात आणि कडेने चालणारा माणूस उशिरा लक्षात येतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना ही तक्रार नवी नाही. यात तक्ता खोटा नसतो आणि तक्रारही खोटी नसते. मग चुकतं कुठे? त्यासाठी लेन्सवर रंग कुणी आणि कशासाठी चढवला, हे पाहावं लागतं.

1887 साली जर्मनीतल्या वीसबाडेनच्या म्युलर घराण्याने पापणी गमावलेल्या एका रुग्णासाठी डोळ्यावर बसेल असं काचेचं कवच फुंकून बनवलं. हे कारागीर मुळात काचेचे कृत्रिम डोळे करणारे. त्यांनी कवचाचा मधला भाग पारदर्शक ठेवला आणि कडेचा पांढरा. म्हणजे कॉन्टॅक्ट लेन्सच्या पहिल्या काही नमुन्यांपैकी एकावर रंग होताच, पण बाहुलीसमोर नव्हता. पुढच्याच वर्षी डोळ्यांचे डॉक्टर अडॉल्फ फिक यांनी झुरिकहून नजर सुधारणाऱ्या काचेच्या लेन्सवर निबंध प्रसिद्ध केला. डोळा झाकणं आणि डोळ्याला दिसणं, हे दोन धागे तिथून बराच काळ वेगवेगळे चालले.

झाकण्याचा धागा नंतर प्लास्टिकवर आला. डोळ्यात फूल पडलेल्यांसाठी हाताने बुबुळ रंगवलेल्या लेन्स होऊ लागल्या आणि हॉलीवूडनेही 1930 च्या दशकाच्या शेवटी त्या नटांच्या डोळ्यांवर चढवल्या. त्या फूल पडलेल्या डोळ्यांना बहुधा आधीच कमी दिसत असे, आणि नटाला कॅमेऱ्यासमोर काही मिनिटंच उभं राहायचं असे. त्यामुळे यातून दिसतं कसं, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही.

दिवसभर घालता येणारी मऊ लेन्स आली ती प्रागचे रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले यांच्यामुळे. 1961 च्या नाताळात त्यांनी मुलांच्या खेळण्यातल्या सुट्या भागांपासून घरीच यंत्र जुळवून ती घडवली. अमेरिकेत अशा लेन्सला 1971 मध्ये परवानगी मिळाली. पाण्यात हरवू नये म्हणून तिला फिकट निळसर छटा देतात. या छटेने नजरेत जाणवण्याजोगा फरक पडत नाही.

1980 च्या दशकात डोळ्यांचा रंग बदलण्यासाठी गडद छटा आल्या. त्याही पारदर्शकच होत्या, त्यामुळे निळ्या डोळ्यांचे हिरवे होत, पण आपल्यासारखे गडद तपकिरी डोळे तपकिरीच राहत. शिकागोच्या वेस्ली-जेसन कंपनीने त्याच दशकाच्या उत्तरार्धात यावर तोड काढली. लेन्सवर अपारदर्शक रंगाचे बारीक ठिपके छापायचे, ठिपक्यांमधून खरं बुबुळ डोकावू द्यायचं आणि मध्ये बाहुलीपुरती स्वच्छ खिडकी सोडायची. आज लग्नाच्या मेकअपबरोबर नवरीला घारे डोळे मिळतात ते या छपाईमुळेच.

ही खिडकी छापील असते, तिचा आकार बदलत नाही. बाहुली मात्र सतत लहानमोठी होत असते: लख्ख उन्हात दोन-तीन मिलिमीटर, तर तरुण माणसाची अंधारात सात मिलिमीटरपर्यंत. खिडकी साधारण पाच मिलिमीटरची धरली, तर दुपारी ठिपके वाटेत येतच नाहीत. रात्री मात्र उघडलेल्या बाहुलीचं जवळजवळ अर्धं क्षेत्रफळ छपाईमागे जातं. ठिपक्यांवर आपटून प्रकाश विखुरतो, तोच चकाकी आणि वलयं होऊन दिसतो. त्यात प्रत्येक उघडझापेसरशी लेन्स थोडी सरकते. ती नीट मध्यावर बसत नसेल, तर दिवसाही छपाईची कड आड येते.

हे इतकी वर्षं नजरेआड राहिलं, याला तपासणीची पद्धतही कारण आहे, असं मला वाटतं. डोळे तपासायचा नेहमीचा तक्ता डच डॉक्टर स्नेलेन यांचा, 1862 चा: पांढऱ्यावर ठळक काळी अक्षरं, तीही भरपूर उजेडात. संध्याकाळचा रस्ता असा कधीच नसतो. 1988 मध्ये आलेल्या पेली-रॉबसन तक्त्यात अक्षरांचा आकार तोच राहतो, फक्त ती फिकट होत पार्श्वभूमीत विरत जातात. अशा मोजणीत फरक पकडता आला: रंगीत लेन्समधून बारीक अक्षरं वाचता येतात, पण फिकट गोष्टी वेगळ्या ओळखण्याची क्षमता घटू शकते.

रंग थेट बाहुलीसमोर आणण्याचे प्रयोगही झाले. 1971 मध्ये हॅरी झेल्टझर यांनी रंगांधळ्यांसाठी एकाच डोळ्यात घालायची लाल लेन्स मांडली. तिने दोन डोळ्यांना वेगवेगळा उजेड दिसतो आणि लाल-हिरव्यातला फरक उजळपणातून ओळखता येतो. रंगीत ठिपक्यांत लपलेला आकडा ओळखायची चाचणीही काही जण पार करतात. पण नसलेला रंग तिने दिसत नाही. उलट उजेड कमी पडतो, आणि लाल लेन्समागच्या डोळ्याचा संदेश मेंदूकडे किंचित उशिरा पोचत असल्याने आडव्या जाणाऱ्या वस्तूच्या अंतराचा अंदाज चुकू शकतो. सिग्नल ओळखायच्या नोकरीसाठी हा उपाय मला धोक्याचाच वाटतो. जन्मतः बुबुळ नसलेल्यांचं मात्र वेगळं आहे. त्यांच्या डोळ्यात वाजवीपेक्षा जास्त प्रकाश शिरतो, आणि छापील बुबुळाची लेन्स तो अडवून नजर खरोखर सुसह्य करते.

नियम मागून आले. शोभेच्या बिननंबरी लेन्सही वैद्यकीय साधनंच आहेत, असा कायदा अमेरिकेने 2005 मध्ये केला, जपानने 2009 मध्ये. त्यामागे मुख्य चिंता जंतुसंसर्गाची आणि डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावरच्या (कॉर्नियावरच्या) जखमांची होती. दिसण्याच्या दर्जाचा प्रश्न 2018 मध्ये उन्हात गडद होणाऱ्या लेन्सच्या वेळी ठळकपणे आला. तिची छटा बाहुलीसमोरही असते, म्हणून अमेरिकेत परवानगीआधी 24 जणांना ती घालून दिवसा आणि रात्री गाडी चालवायला लावली. काळजीचं काही आढळलं नाही. ठिपक्यांच्या लेन्सच्या डबीवर मात्र खिडकी किती मिलिमीटरची, हे क्वचितच छापलेलं असतं.