पोरगं वाचत नाही, कारण त्याला वाचणं जड जातंय

"आजकालच्या मुलांना वाचनाची आवडच नाही हो." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की शेवटी लिहायला बसलो. शिक्षक म्हणतात, पालक म्हणतात, आणि मग उपाय काय तर बक्षीस लावा, स्पर्धा घ्या, मोबाईल काढून घ्या, वाचनाचं महत्त्व यावर अर्धा तास भाषण द्या. या सगळ्यात एक गोष्ट धरून चाललेली असते, की आधी आवड येते आणि मग मूल वाचतं. पण वाचनावर गेल्या पन्नासेक वर्षांत जे संशोधन झालंय ते बघितलं तर बऱ्याच मुलांच्या बाबतीत गाडी उलट्या दिशेने चालते. आधी वाचणं सोपं होतं, मग आवड येते.

मुळात बोलणं आणि वाचणं या दोन गोष्टी मेंदूसाठी सारख्या नाहीतच. बोलायला कोणी शिकवणी लावत नाही, मूल माणसांत राहिलं की बोलतं. लिपी मात्र जेमतेम पाच हजार वर्षांपूर्वीची, आणि इतक्या कमी काळात उत्क्रांतीने वाचनासाठी वेगळा अवयव तयार करणं शक्यच नव्हतं. मग आपण वाचतो कसं? फ्रेंच शास्त्रज्ञ स्टॅनिस्लास डेहेन यांचं म्हणणं असं की मेंदू जुन्याच यंत्रणेला नवीन कामाला लावतो. डाव्या बाजूला, मागच्या खालच्या भागात चेहरे आणि वस्तू ओळखणारा पट्टा आहे, त्यातला एक तुकडा सरावाने अक्षरं ओळखायला लागतो. २०१० साली त्यांच्या गटाने पोर्तुगाल आणि ब्राझीलमधल्या निरक्षर, मोठेपणी साक्षर झालेल्या आणि लहानपणापासून शाळेत गेलेल्या लोकांचे मेंदू स्कॅन केले तेव्हा दिसलं की मोठेपणी शिकलेल्यांमध्येसुद्धा हा तुकडा अक्षरांना प्रतिसाद द्यायला लागलेला असतो. म्हणजे हे जन्मजात नाही, घडवावं लागतं, आणि घडवायला वेळ लागतो.

आता माझा सगळ्यात आवडता प्रयोग. हिरव्या स्केचपेनने कागदावर "लाल" असं लिहा आणि कोणाला तरी विचारा, शाईचा रंग कुठला? माणूस क्षणभर अडखळतो, कारण डोळ्यासमोर आलेला शब्द न वाचणं त्याला जमतच नाही. जॉन रिडली स्ट्रूप यांनी हे १९३५ मध्ये दाखवलं. मला यात भारी वाटतं ते हे, की आपण ज्याला "वाचता येणं" म्हणतो ते खरं तर "न वाचता राहता न येणं" आहे. ज्याला अजून अक्षरओळखच नाही असं लहान मूल इथे अजिबात अडखळत नाही, ते पटकन "हिरवा" म्हणून मोकळं होतं.

ही आपोआप वाचण्याची पातळी का महत्त्वाची? कारण आपल्या डोक्यात एका वेळी फार थोड्या गोष्टी मावतात, काही संशोधकांच्या हिशोबाने चारेक. समजा एखादं मूल "प्राणिसंग्रहालयातला" हा शब्द वाचतंय. प्रा... णि... सं... ग्र... हा... आता "णि" मध्ये वेलांटी आधी दिसते पण उच्चार नंतर, "ग्र" मधला र कुठून आला ते शोधायचं, आणि हे करता करता शेवटाला पोचेपर्यंत वाक्याची सुरुवात डोक्यातून गेलेली असते. लाबर्ज आणि सॅम्युएल्स यांनी १९७४ मध्ये हेच मांडलं होतं, की लक्ष ही मोजकी गोष्ट आहे, ते सगळं अक्षरं फोडण्यात खर्च झालं तर अर्थासाठी काही उरत नाही. आणि गोष्टीतली मजा तर अर्थामध्येच असते ना! त्या मुलाला मजाच पोचलेली नाही, आणि आपण त्याला विचारतोय की तुला गोडी का नाही.

मग शब्द आपोआप ओळखता यायला लागतात कसे? एकेक शब्द कोणी शिकवायला बसलं तर शाळेची सगळी वर्षं पुरणार नाहीत. इथे इस्रायलचे डेव्हिड शेअर यांची १९९५ ची मांडणी येते, तिला मराठीत स्वयंशिक्षण म्हणू. मूल अनोळखी शब्द स्वतः फोडून वाचतं, तो आवाज आधी कानावरून गेलेल्या शब्दाशी जुळतो ("अरे, हे तर संग्रहालय!"), आणि त्या क्षणी त्या शब्दाचं दिसणं, त्याचा आवाज आणि अर्थ अशा तिन्ही गोष्टींची गाठ बसते. दोनचारदा असं झालं की पुढच्या वेळी फोडावं लागत नाही. शेअर यांनी १९९९ मध्ये हिब्रू वाचणाऱ्या दुसरीच्या मुलांना छोट्या गोष्टी मोठ्याने वाचायला दिल्या, त्यात मुद्दाम बनवलेले नवीन शब्द चारसहा वेळा पेरले होते. तीन दिवसांनी मुलं तो शब्द बरोबर स्पेलिंगमध्ये ओळखत होती, आणि त्याच उच्चाराच्या दुसऱ्या स्पेलिंगपेक्षा वेगाने वाचतही होती, आणि त्यांना हे स्पेलिंग कोणीही पाठ करायला लावलेलं नव्हतं. म्हणजे वाचणारं मूल प्रत्येक पानावर स्वतःचाच मास्तर असतं.

पण यात दोन अटी आहेत. अक्षरं फोडता आली पाहिजेत आणि शब्द आधी कानावरून गेलेला पाहिजे. शिवाय पानावरचे बहुतेक शब्द आवाक्यात हवेत, नाहीतर दर ओळीला पाचपाच शब्द अडले की मूल पुस्तक मिटतं. मग सराव होत नाही, सराव नाही म्हणून अजून जड, जड म्हणून अजून टाळाटाळ. ज्याला येतं तो वाचतो म्हणून त्याला अजून येतं. कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये याला मॅथ्यू इफेक्ट म्हटलं, आणि वर्गात जो मागे पडलेला मुलगा "आळशी" म्हणून ओळखला जातो तो बऱ्याचदा याच चक्रात अडकलेला असतो.

डोळ्यांबद्दल थोडं सांगतो. वाचताना डोळे ओळीवरून सरळ सरकत नाहीत, उड्या मारतात. साधारण पाव सेकंद थांबतात, मग पुढची उडी, आणि उडीच्या वेळेत आपल्याला नवीन काही दिसत नाही. नवशिक्याचे थांबे जास्त आणि लांब असतात, मागे जाणंही जास्त. पण हे मुख्यतः लक्षण आहे, कारण नाही. शब्द ओळखायला वेळ लागतो म्हणून डोळा थांबतो. त्यामुळे डोळे भरभर फिरवायचे व्यायाम देऊन वाचन सुधारत नाही, आणि स्पीड रीडिंगच्या कोर्समध्ये वेग वाढतो तेव्हा समज कमी होते, २०१६ च्या मोठ्या आढाव्यात कीथ रेनर आणि सहकाऱ्यांनी हे स्पष्ट लिहिलंय. त्याहून वाईट म्हणजे मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशनचे, म्हणजे मेंदूचा मधला भाग "चालू" करून देतो म्हणणारे क्लास. डोळ्यावर पट्टी बांधून मूल पुस्तक वाचतं म्हणे! नाकाच्या कडेने फट राहते, तिथून दिसतं, बाकी काही नाही. मिडब्रेन जन्मापासून चालूच असतो, तो "चालू करायला" कोणाला पैसे द्यायची गरज नाही. यात मुलाला खोटं बोलायला शिकवलं जातं याचं मला खरंच वाईट वाटतं.

बक्षिसाचं काय? १९७३ मध्ये मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी ज्यांना चित्रं काढायला मनापासून आवडत होतं अशा बालवाडीच्या मुलांचे तीन गट केले. एका गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलं तर सर्टिफिकेट मिळेल, दुसऱ्याला ते अचानक दिलं, तिसऱ्याला काहीच नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळेत बघितलं तर आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रं काढत होती. आवडीचं काम बक्षिसासाठीचं काम झालं की असं होतं. ज्याला मुळात गोडीच नाही त्याला सुरुवातीला ढकलायला बक्षीस चालेलही, पण "दहा पुस्तकं वाच, पेन मिळेल" म्हटलं की मूल सगळ्यात पातळ दहा पुस्तकं शोधणार हे उघड आहे.

मग वर्गात काय करावं? एकेकाला उभं करून धडा वाचायला लावणं हे मला सगळ्यात कमी कामाचं वाटतं, तासभरात एका मुलाच्या वाट्याला मिनिटभर वाचन येतं आणि जो अडखळतो त्याची सगळ्यांसमोर फजिती. त्याऐवजी जोडीजोडीने हळू आवाजात वाचायला लावलं तर अर्धा वर्ग एकाच वेळी वाचत असतो आणि चुकलं तर सांगायला शेजारी आहेच. नुसतं "गप्प बसून वाचा" म्हणण्याने ओघ वाढतो याला अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेल या तज्ज्ञ समितीला २००० साली पुरेसा पुरावा मिळाला नव्हता, मोठ्याने वाचणं आणि कोणीतरी दुरुस्त करणं याला मात्र मिळाला.

शिक्षकांनी रोज दहा मिनिटं स्वतः वाचून दाखवणं याला तर पर्याय नाही. तेव्हा अक्षरं फोडायचं ओझं शिक्षक उचलतात, मुलाला थेट अर्थ मिळतो, आणि शब्द कानावरून जातात ते पुढे स्वयंशिक्षणात उपयोगी पडतात. विषय मुलाला निवडू द्या. १९८८ मध्ये रेक्ट आणि लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याबद्दल उतारा दिला, तर वाचनात कच्च्या पण खेळ माहीत असलेल्या मुलांना, वाचनात पक्क्या पण खेळ माहीत नसलेल्या मुलांपेक्षा जास्त समजलं होतं. डायनासोरवेड्या मुलाला डायनासोरचंच पुस्तक द्या, अवघड नावंसुद्धा तो फोडेल कारण ती त्याच्या कानात आधीच आहेत.

आणि एखादं मूल तेच पुस्तक परत परत मागत असेल तर "हे वाचून झालंय ना?" म्हणून काढून घेऊ नका. पहिल्या खेपेला ते "कोल्ह्याने" या शब्दावर अडतं, दुसऱ्यांदा थोडं कमी अडतं, चौथ्यांदा न थांबता पुढे जातं आणि मग मान वर करून विचारतं, "पण कोल्हा खोटं का बोलला?"